आईला प्रिगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) चालू आहे, सोबत झोपेसाठी मेलाटोनिन दिलं तर चालेल का?

चालू शकतं, पण आधी डॉक्टरांना विचारून. दोन्हींची रासायनिक मारामारी फारशी नाही: प्रिगॅबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, मेलाटोनिन यकृतात मोडतं. खरी अडचण गुंगीची. दोन्ही सुस्ती आणतात, ती एकात एक मिसळते. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठला, तोल गेला, की खुब्याचं हाड मोडतं. मुंबईतल्या एवढ्याशा खोलीत, अंधारात, ओल्या लादीवर तर विचारायलाच नको.

आधी आईंच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून वाचा. आपल्याकडे प्रिगॅबालिनसोबत नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात आणि नॉरट्रिप्टिलिननेही झोप येते. म्हणजे मेलाटोनिन हे तिसरं झालं! झोपेच्या गमीजमध्येही कधी तगर, अश्वगंधा, मॅग्नेशियम असं काय काय भरलेलं असतं. साधं मेलाटोनिन बरं. प्रिगॅबालिनऐवजी त्याच जातीचं गॅबापेन्टिन असेल तर मॅग्नेशियमवाल्या ॲसिडिटीच्या औषधानंतर दोन तास थांबूनच ते घ्यायचं.

रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं), दमा किंवा सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट आजार असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची, गुंगी आणणारी गोळी चालू असेल, तर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. नाक्यावरच्या केमिस्टला विचारून तर नाहीच, दुकानात गर्दी असताना तो काय सांगणार? डॉक्टर हो म्हणाले तर कमीत कमी डोसने सुरू करा. आणि गुंगी वाढली म्हणून प्रिगॅबालिन एकदम बंद करू नका, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करतात. श्वास मंद वाटला किंवा हाक मारून जाग येत नसेल तर थेट १०८.