तुळस का वाळते?

प्रश्न : दोन वर्षांत तिसरी तुळस वाळली. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालते, संध्याकाळी दिवा लावते. सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट तुळशीनं अंगावर घेतलं. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, संकट तुळशीवरच येतंय, आणि ते तांब्यातून येतंय.

माझी पहिली तुळस अशीच गेली. हौसेनं सिमेंटचं वृंदावन आणलं, त्याला तळाशी भोकच नव्हतं. पानं माना टाकायला लागली की मला वाटे तहान लागली, की आणखी पाणी! शेवटी रोप उपटलं तर मुळं काळी, बुळबुळीत, आणि मातीला गटाराचा वास. मुळंच कुजल्यावर पाणी वर चढणार कसं?

तेव्हा आधी भोक बघा. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग वाळू. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. पूजेला रोज पळीभर पुरतं. हळदकुंकू, दूध कुंडीच्या काठाला वाहा, मातीत नको. निरांजन खोडापासून वीतभर लांब. ऊन पाच-सहा तास तरी हवं. गॅलरीत मिळत नसेल तर कुंडी ग्रिलवर सरकवा.

आता मंजिऱ्या. बहुतेकींची तुळस इथेच म्हातारी होते. मंजिरी हिरवी, बोटभर झाली की तिच्याखालच्या पानांच्या जोडीच्या अगदी वर नखानं खुडा. आठ-पंधरा दिवसांत त्या दोन्ही पानांच्या बगलेतून फुटवे निघतात, एका शेंड्याचे दोन होतात. रविवारी, द्वादशीला तोडत नसाल तर सोमवारी, त्रयोदशीला खुडा. झाडाची काही तक्रार नसते. खुडलेलं विठोबाला वाहा, नाहीतर आलं नि गवती चहाबरोबर उकळा.

एवढं करूनही दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखं होतं आणि झाड थकतं. तो काही अपशकुन नाही, सासूबाईंना सांगा. म्हणून दोन मंजिऱ्या मुद्दाम वाळू द्या, तळहातावर चोळा. मोहरीहूनही बारीक बी पडेल. ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, पुरू नका. श्रावणात टाकलंत तर तुळशीच्या लग्नाला घरचीच नवरी उभी राहील.