ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) गाणी लावावीत का?

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. घाटी रुग्णालयात रेसिडेन्सी (सर्जनचं प्रशिक्षण) सुरू होताच तू विचारलंस, ऑपरेशन करताना गाणी लावली तर ताण उतरतो का, हात सुधारतो का. ताण उतरतो. १९९४ साली अमेरिकेत ५० सर्जनांवर झालेल्या प्रयोगात आवडीचं संगीत चालू असताना नाडी आणि रक्तदाब कमी उसळले. पण त्यांना काम दिलं होतं आकड्यांच्या वजाबाकीचं, ऑपरेशनचं नव्हे. प्लास्टिक सर्जरीच्या रेसिडेंट्सनी डुकराच्या पायावर टाके घातले तेव्हा आवडत्या गाण्यांमुळे वेळ ७ टक्क्यांनी वाचला, त्यांच्यातल्या सीनियरांचा १० टक्क्यांनी. म्हणजे ज्याचा हात बसलाय त्याला फायदा जास्त.

तुझा अजून बसायचाय, म्हणून शांततेत शीक. खाटकाकडून कातडीसकट बकऱ्याचा पाय आण. ३-० जाडीचा धागा, कडेपासून ५ मिमी, दोन टाक्यांत १ सेमी. मोबाईलवर शूटिंग करून नीट बघ. कडा आत वळत असतील तर सुई तिरकी शिरतेय. ती काटकोनात शिरायला हवी. सलग दहा टाके सारखे आले की मग हळू आवाजात वाद्यसंगीत लाव. शब्दांची गाणी नकोत, ती मनातल्या सूचनांशी भांडतात. नुसता वेळ वाचला म्हणून खूश होऊ नकोस, गाठी तपास.

ओटीत मात्र खरा प्रश्न कानांचा आहे. पल्स ऑक्सिमीटरचा सूर ऑक्सिजन उतरला की खाली येतो. भूलतज्ज्ञ स्क्रीनकडे न बघताही तो ओळखतात. सक्शन (रक्त ओढून घेणारं यंत्र) आणि कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं यंत्र) यांच्या आवाजात आधीच बोलणं हरवतं. इंग्लंडमध्ये २० ऑपरेशनांचं चित्रण तपासलं, तर गाणी चालू असताना तीच गोष्ट पुन्हा मागावी लागण्याची शक्यता पाचपट निघाली. म्हणून भूल देताना आणि उतरताना, टाइम आउटला (चिरा देण्याआधी थांबून रुग्ण आणि ऑपरेशन पक्कं करतात तेव्हा), मॉप (रक्त टिपायचे कपडे) आणि सुया मोजताना, रक्तस्राव सुरू झाला की गाणं बंद. स्पीकर भूलतज्ज्ञांच्या डोक्याशी ठेवू नये. मोबाईलवरून लावलं तर मध्येच जाहिरात कर्कश वाजते, तेव्हा आधी डाउनलोड करून ठेव. आणि मणक्यात भूल दिलेली सिझेरियनची बाई जागी असते, सगळं ऐकते. तिला विचारून लाव.

नवख्याची खरी चूक होते ती ऐकू न येताच मान हलवण्यात. सरांनी क्लॅम्प मागितला की कात्री मागितली, याचा अंदाज कधीच बांधू नकोस. ऐकलेलं मोठ्याने परत म्हण. नाहीच कळलं तर, "सर, ऐकू आलं नाही, आवाज कमी करायला सांगू का?" एवढं बिनधास्त विचार.

तुझा,
सर