दारातले रडणे आणि त्यानंतरचे रडणे

प्रश्न : माझी मुलगी १७ महिन्यांची आहे. पुढील महिन्यात माझी रजा संपत असल्यामुळे आम्ही तिला पाळणाघरात ठेवण्यास सुरुवात केली असून आज सहावा दिवस आहे. पहिल्या दिवशी मी अर्धा तास तिच्याजवळ बसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र तेथील ताईंच्या सांगण्यावरून, ती खेळात रमली की तिच्या नकळत निघून येते. आता घरीही मी नजरेआड झाले की ती रडत मागे येते आणि रात्री दोन-तीनदा दचकून उठते. सासूबाईंच्या मते मुलगी अजून फार लहान आहे, तर यजमान म्हणतात की सगळीच मुले रडतात. तिच्या मनावर कायमचा परिणाम तर होणार नाही ना?

उत्तर : आपल्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा वाचले : ‘तिच्या नकळत निघून येते’. मुलीच्या रडण्यापेक्षा मला त्याचीच अधिक काळजी वाटली. लपून निघाल्याने दारातले रडे टळते हे खरे. पण आई कोणत्याही क्षणी, काही न सांगता नाहीशी होऊ शकते, एवढेच मूल त्यातून शिकते. मग ते घरीही पहाऱ्यावर राहते. आपण स्वयंपाकघरात गेलात तरी ती मागे येते, याचे कारण बहुधा हेच असावे. उद्यापासून तिला सांगून निघा. ‘दुपारी झोपून उठलीस की आई येईल’ असे एकच वाक्य रोज त्याच शब्दांत म्हणा, जवळ घ्या, ताईंच्या हाती द्या आणि निघा. ती रडेल. निरोप मात्र लांबवू नका. दारातून तीनदा परत फिरणारी आई पाहून, येथे घाबरण्यासारखे काहीतरी आहे, अशीच मुलाची समजूत होते.

वयाबद्दल सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. विरहाची ही भीती साधारणपणे आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बरीच ओसरते. म्हणजे आपली मुलगी ऐन भरात आहे. परंतु ही भीती हे बिघाडाचे लक्षण नव्हे. आई दिसत नसली तरी ती कोठेतरी आहे, हे कळू लागल्यावरच मूल तिच्यासाठी रडू शकते. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी मूल आणि पालक यांच्यातील जिव्हाळ्याचा जो अभ्यास केला, त्यातही भर रडण्यावर नव्हता; पालक परत आल्यावर मूल त्यांच्याकडे कसे येते आणि त्यांच्या कुशीत शांत होते का, याकडे एन्सवर्थ यांनी विशेष लक्ष दिले.

कायमच्या परिणामाविषयी सांगायचे, तर अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या आणि १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, पाळणाघरात राहिल्यामुळेच आईशी असलेले नाते कमकुवत होते, असे आढळले नाही. आईची मुलाच्या गरजा ओळखण्याची तत्परता अधिक महत्त्वाची ठरली. मात्र ही तत्परता कमी असताना पाळणाघरही सुमार असेल, तेथील तास फार असतील किंवा सांभाळणारी माणसे वारंवार बदलत असतील, तर नात्यावर ताण पडण्याची शक्यता वाढत होती.

म्हणून ‘माझ्या मुलीचे तेथे हक्काचे माणूस कोण?’ हा प्रश्न पाळणाघराला स्पष्टपणे विचारा. चार ताई आळीपाळीने उचलून घेतात, असे उत्तर आले, तर त्यांपैकी एकीने तरी सुरुवातीचे काही आठवडे रोज तिचे खाणे, झोपवणे आणि लंगोट बदलणे पाहावे, असा आग्रह धरा. मूल रुजते ते एका माणसाच्या आधाराने. भिंतींवरची चित्रे आपल्यासाठी असतात.

शक्य असेल तर रजेचे उरलेले दिवस वापरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत पहिले तीन दिवस पालक तासभर मुलासोबत तेथेच बसतात आणि दोघे बरोबरच परततात. चौथ्या दिवशी पालक सांगून काही मिनिटे बाहेर जातात. ताईंकडून मूल शांत झाले, तर ही वेळ जास्तीत जास्त अर्ध्या तासापर्यंत नेतात. नाही झाले, तर पालक लगेच आत येतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी होतो. हा पहिला प्रयत्न सुट्टीनंतरच्या सोमवारी करू नये, असाही त्यात संकेत आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. अशा रुजण्यास दोन-तीन आठवडेही लागू शकतात.

यजमान म्हणतात तसे सगळीच मुले रडतात, पण ते दारातले रडणे. त्यानंतर काय होते, ते ताईंना विचारा. दहा-पंधरा मिनिटांत ती त्यांच्याकडून समजूत घालून घेत असेल, तर गाडी रुळावर आहे. तीन-चार आठवड्यांनंतरही ती दिवसभर उदास राहून खाणे-खेळणे टाळत असेल, तर तास कमी करा, जागा बदलण्याचा विचार करा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला वरचेवर होईल. लसीकरण पूर्ण ठेवा आणि आजारपणात तिला कोण सांभाळणार, हे आजच ठरवा.

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा मुलगा पाळणाघरात आनंदात असतो, असे तेथील बाई सांगतात. मी आणायला गेलो की मात्र तो मला पाहताच भोकाड पसरतो आणि कधी कधी मारतोही. बाई खरे सांगत असतील का?

उत्तर : बहुधा खरेच सांगत असतील. दिवसभर त्याने स्वतःला सावरून धरलेले असते आणि हक्काचे माणूस दिसल्यावर तो बांध फुटतो. दारातच ‘शहाण्यासारखे वागलास ना?’ अशी चौकशी करू नका. आधी उचलून घ्या, मारणारा हात हलकेच धरा आणि घरी गेल्यावर अर्धा तास फोन बाजूला ठेवून त्याच्याजवळ जमिनीवर बसा. तरीही बाईंच्या सांगण्याबद्दल शंका उरली, तर एखाद्या दिवशी न कळवता तासभर आधी जा आणि त्याच्या दृष्टीस न पडता तो काय करतो आहे ते पाहा. चांगल्या पाळणाघराला याची हरकत नसते.