बोट नंतर, आधी ती पॉलिसी दाखवा

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगतो. लिहिणारे 54 वर्षांचे, सैन्यातून रिटायर होऊन 9 वर्षं झाली, पेन्शन चालू. वर्षातले सहा महिने किनाऱ्यावर नोकरी, सहा महिने शिडाच्या बोटीवर, आणि जुन्या युनिटची गेट-टुगेदरं वर्षाला चार. विचारतायत की नोकरी सोडून कायमचं बोटीवर राहायचं तर गेट-टुगेदरं बंद करावी लागतील का.

सोपं जावं म्हणून पेन्शन महिना 100 धरतो, बाकी सगळं त्याच मापात. घर 55, गेट-टुगेदरं 15, विम्याचा हप्ता 15, बोट 5. झाले 90, दहा शिल्लक, म्हणून तुम्ही खुश. अहो पण बोटीचे 5 कुठून आणले? बोट 1,500 ची आहे, आणि वर्षाला किमतीच्या दहा टक्के देखभाल हा बोटवाल्यांचा जुना ठोकताळा, म्हणजे 150, महिना साडेबारा. तुम्ही नुसतं डिझेल आणि धक्क्याचं भाडं धरलंय. तळ खरवडून रंग, शिडं, इंजिन, शिवाय डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा 14 वर्षं जुन्या असं तुम्हीच लिहिता, दहा-पंधरा वर्षं झाली की बोटीचा विमावाला त्या बदला म्हणून मागे लागतोच. उरले अडीच. अडीचवर नोकरी सोडत नाहीत.

पण मला झोप उडवली ती पत्राच्या शेवटून तिसऱ्या ओळीने. रिटायर होताना महिना 7 कापून घेतले असते तर तुमच्यामागे बायकोला जन्मभर 50 मिळणार होते, तेही महागाईप्रमाणे वाढणारे. ते तुम्ही नाकारलं, कारण युनिटमधला जुना दोस्त, आता विमा एजंट, एका गेट-टुगेदरला भेटला आणि म्हणाला कापून कशाला देतोस, पॉलिसी घे, 12 टक्क्यांनी वाढेल. तुम्ही खर्चिक गेट-टुगेदर कुठलं ते शोधताय ना, हे घ्या.

नऊ वर्षांत भरले 1,620. 12 टक्क्यांनी 2,800 च्या आसपास हवे होते, स्टेटमेंटवर आहेत 1,300, आणि तुम्ही लिहिता "अजून वाढायचीय". तुम्ही गेलात तर बायकोला 3,000 एकरकमी. महिना 50 प्रमाणे पाच वर्षं पुरतील, त्या आज 49 च्या आहेत. दुपटीहून जास्त भरून हे घेतलंत, आणि तो पर्याय नाकारताना बायकोची सही कशावर घेतली ते त्यांना नीट माहीत नाही असंही लिहिताय.

वर भर समुद्रात रेंज नव्हती म्हणून दोन हप्ते राहिलेत, "परत आल्यावर भरीन". मुदत उलटली असेल तर आज तुमच्यावर विमाच नाही. फॉर्ममध्ये धोक्याचे छंद विचारले होते तिथे "नाही" लिहिलंय, एजंटने लिहिलं असेल, सही तुमची आहे.

जोशुआ स्लोकम, एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, 1895 ते 1898. तोच 1909 ला परत बोट घेऊन निघाला तो आलाच नाही, आणि कायद्याने मृत ठरला 1924 ला. आजही बऱ्याच देशांत ठोस पुरावा नसेल तर सात वर्षं थांबावं लागतं. तेवढे दिवस घर कशावर चालणार, आणि त्या पॉलिसीचा हप्ता कोण भरणार?

तर या आठवड्यात हप्ते भरा, बंद पडली असेल तर चालू करायला काय लागतं ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि समुद्रावर जाता हे स्वतःहून कळवा, हप्ता वाढला तरी चालेल. हप्ता खात्यातून आपोआप जाऊ दे. पेन्शन ऑफिसला विचारा बायकोचा पर्याय परत घेता येतो का, सहसा नाही म्हणतात पण कधीकधी ठराविक मुदतीपुरती खिडकी उघडते. दुसरी सोय होईपर्यंत पॉलिसी मोडू नका, आणि दोस्ताने "नवीन चांगला प्लॅन" दाखवला तर चहा पिऊन उठा.

नोकरी सोडू नका, चार महिन्यांवर आणा आणि ते चार महिने वादळांच्या मोसमात घ्या. उत्तर अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा बोट तशीही बाहेर काढून ठेवायची असते. गेट-टुगेदरं त्याच महिन्यांत दोन करा, परक्या बंदरातून विमान पकडायला नको, बोट राखायला माणूस नको, 15 चे 6 होतील. बंद अजिबात करू नका, मित्र आहेत ते.

पॉलिसीची सगळी पानं पाठवा, बारीक अक्षरातलीसुद्धा. आणि पुढचं पत्र दोघांनी मिळून लिहा.