वाचक विचारतात : अनामिकेतली अंगठी

प्रश्न : साखरपुड्याची अंगठी डाव्या अनामिकेतच घालतात, कारण तिथून एक शीर थेट हृदयाला जाते म्हणे. हे खरं आहे का?

नाही. पाचही बोटांच्या शिरा हातावर एकमेकींना मिळतात आणि पुढे दंडाकडे जातात. अनामिकेला वेगळी वाट नाही. समजूत मात्र फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो, की इजिप्तमध्ये प्रेतं चिरून पाहणाऱ्यांना या बोटापासून हृदयापर्यंत जाणारी बारीक नस सापडली, म्हणून ते बोट अंगठीच्या मानाचं. त्याचं बोलणं एकूण अंगठीबद्दल होतं. वाग्दत्त वधूला तर रोमन लोक पहिल्या शतकात लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवत, अशी नोंद रोमन लेखक थोरल्या प्लिनीने केली आहे.

लग्नविधीत अंगठी या चौथ्या बोटापर्यंत मंत्र म्हणत पोचे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वर वधूच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला अंगठी लावून ‘पित्याच्या नावाने’ म्हणे, मग तर्जनीला ‘पुत्राच्या’, मध्यमेला ‘पवित्र आत्म्याच्या’, आणि ‘आमेन’ म्हणताना ती अनामिकेत बसे. तिथे हात बदलून डावा झाला तो १५४९ च्या प्रार्थनाग्रंथाने. पोलंड, नॉर्वे, रशियात लग्नाची अंगठी आजही उजव्या हातातच असते.

आपल्याकडे पूजेत दर्भाचं पवित्रक उजव्या अनामिकेत घालतात, म्हणजे या बोटाला मान होताच. साखरपुड्याचं शास्त्रातलं नाव वाङ्निश्चय, म्हणजे वाणीने केलेला निश्चय. अंगठी ही त्याची अट नाही. उजव्या हातात घातली तरी काही चुकत नाही.

प्रश्न : अंगठीचं माप घरी कसं घ्यावं? खरेदीला जाताना काय पाहावं?

दोऱ्याने मापू नका, तो ताणला जातो. कागदाची अरुंद पट्टी बोटाभोवती गुंडाळा, जुळते तिथे खूण करा आणि मिलिमीटरमध्ये मोजा. आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागलं की आतला व्यास मिळतो : ५४ आले तर सुमारे १७.२. सांधा जाड असेल तर त्यावरूनही मापून मधला आकडा धरा. माप संध्याकाळी घ्या. सकाळच्या थंडीत बोट आकसलेलं असतं, आणि तेव्हाच्या मापाची अंगठी दुपारी रुतते. अंगठीची पट्टी ६ मिलिमीटरहून रुंद असेल तर किंचित सैल माप हवं.

साधी अंगठी २२ कॅरेटची (९१६) चालते. हिरा बसवायचा तर १८ कॅरेट (७५०) बरं, कारण २२ कॅरेटच्या मऊ सोन्यातले खड्याचे पंजे वाकतात आणि खडा सुटतो. आतल्या बाजूला बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक) असे हॉलमार्कचे तीन ठसे भिंगातून पाहा. हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बारीक अंगठ्या नेमक्या त्यातच मोडतात. तिथे शुद्धता आणि वजन बिलावर लिहून घ्याच.

साधी अंगठी एक-दोन नंबरांनी वाढवता येते. सभोवार खडे असलेली मात्र जवळपास नाहीच, म्हणून तिचं माप पहिल्यांदाच नीट घ्या.

प्रश्न : सोन्याची जोडवी चालतील का?

परंपरेने जोडवी चांदीची. सोनं लक्ष्मीचं, म्हणून ते पायात घालत नाहीत. जोडव्यांचं तोंड उघडं असेल तर टोकं कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ती साडीत अडकतात. ती उगाच दाबत-उघडत राहू नका, चांदी त्या जागी तुटते.

प्रश्न : अंगठी बोटात अडकली, निघत नाही. काय करावं?

ओढू नका. ओढल्याने सांधा सुजतो आणि ती आणखी घट्ट बसते. हात डोक्यावर धरून पाच मिनिटं थांबा, बोट गार पाण्यात ठेवा, मग तेल किंवा साबण लावून अंगठी फिरवत काढा. एवढ्याने नाही निघाली तर दोरा घ्या. त्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याकडे सरकवा. उरलेला दोरा अंगठीला लागूनच सुरुवात करून सांध्याच्या पुढपर्यंत, फट न ठेवता, घट्ट गुंडाळा. आता तळव्याकडचं टोक धरून बोटाच्या टोकाच्या दिशेने उलगडत जा, अंगठी पुढे सरकते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर मात्र यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालयात जा. सोन्याची अंगठी कापून काढतात आणि ती नंतर सोनाराकडे जोडता येते.