रोज स्कूटरने ये-जा करतो. डिकीत प्रथमोपचाराचं नेमकं काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की रोज येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर स्कूटर चालते, ऑनलाइन साठ-सत्तर वस्तूंची किट दिसते आणि त्यातलं काय घ्यावं ते कळत नाही. ती किट घेऊ नका. तिच्यात पंचवीस-तीस तर चिकटपट्ट्याच असतात आणि रक्त थांबवायला लागणारं गॉज दोन तुकडे.

यादीच्या आधी डिकीबद्दल बोलू. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात उन्हात लावलेल्या स्कूटरची डिकी त्याच्या कितीतरी वर तापते. मलम पातळ होऊन ट्यूबच्या तोंडाशी गळतं, चिकटपट्टीचा गोंद सरकतो, लॅटेक्सचे हातमोजे एकमेकांना चिकटून घालताना फाटतात. मग जूनमध्ये पाणी शिरतं, आणि निर्जंतुक गॉजचं कागदी पाकीट एकदा भिजलं की ते निर्जंतुक राहत नाही. म्हणून सामानाचे दोन भाग करा: कापडी वस्तू डिकीत, औषधं खांद्यावरच्या बॅगेत. दोन्ही झिपच्या पारदर्शक पिशव्यांत, म्हणजे घाईत उलथापालथ न करता बाहेरूनच दिसतं.

डिकीत १० × १० सेंमीची निर्जंतुक गॉजची ५ पाकिटं, १० सेंमी रुंदीच्या साध्या गुंडाळी-पट्ट्या २, त्याच रुंदीचं क्रेप बँडेज १, नायट्राइलचे (लॅटेक्सऐवजी कृत्रिम रबराचे) हातमोजे २ जोड, बोथट टोकाची कात्री, एक इंची मायक्रोपोर टेप आणि हॉटेलात मिळते तेवढी साबणाची छोटी वडी. साबण का, ते पुढे सांगतो. कापूस घेऊ नका. त्याचे तंतू जखमेत चिकटतात आणि दवाखान्यात ते चिमट्याने काढताना दुखतं. गाडी घेताना शोरूममधून मिळालेली छोटी किट असेल तर उघडून बघा, बहुधा तिची मुदत केव्हाच संपली असेल.

रक्त वाहत असेल तर क्रम असा. हातमोजे घाला, गॉजची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबा. घड्याळ लावून १० मिनिटं. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: दर मिनिटाला गॉज उचलून "थांबलं का" बघितलं जातं आणि साकळायला लागलेलं रक्त पुन्हा मोकळं होतं. गॉज भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवा आणि जोर वाढवा. थांबल्यावर गुंडाळी-पट्टीने बांधा. घामट कातडीवर टेप टिकत नाही, टेप फक्त पट्टीचं टोक अडकवायला. हातापायाला पट्टी किंवा क्रेप बांधताना बोटांकडून वर या. मग नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही, किंवा बोटं बधिर, गार लागली, तर सैल करा. हळद, कॉफी पावडर, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नका. रक्त थांबल्यासारखं दिसतं खरं, पण ते सगळं नंतर खरवडून काढावं लागतं.

खरचटलं असेल, म्हणजे दुचाकीवर नेहमी लागतं तसं, तर पिण्याचं पाणी पुरतं. बाटलीच्या एका जास्तीच्या झाकणाला सुईने भोक पाडून पिशवीत ठेवा. बाटली दाबली की बारीक धार येते आणि खडीचे कण निघतात. डेटॉल न मिसळता जखमेवर ओतू नका, कातडी भाजते. बेटाडिन जखमेच्या कडेला थोडंसं लावलं तर हरकत नाही, पण आधी धुणं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

सायलेन्सरचा चटका बसला तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. खूप वाटतात, पण तेवढी लागतात. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडायचा नाही.

आता साबण. स्कूटरमागे कुत्री लागतात, चावतातही. चावा किंवा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुणं हा रेबीजविरुद्धचा पहिला उपचारच आहे, लसीइतकाच महत्त्वाचा, आणि नेमका तोच टाळला जातो. चुना, तिखट, तेल लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. लसीचा पहिला डोस त्याच दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) स्वतःहून विचारा.

बॅगेत काय? ओआरएसची २ पाकिटं. नीट बघून घ्या: मोठं पाकीट, २०.५ ग्रॅमचं, १ लिटर पाण्यात; लहान पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट एका ग्लासात कालवलं तर उलट त्रास होतो. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायलाच बंदी केली. मधुमेहींची साखर एकदम उतरली तर त्यासाठी ग्लुकोज पावडर: हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलतो, पण गिळू शकतोय, तर ३ चमचे पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

ॲस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक पट्टी. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, तर आधी १०८ ला फोन, मग एक गोळी चावून खायला सांगा. गिळली तर उशिरा लागू पडते. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा कुठे रक्तस्राव असेल तर नाही. तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हात उचलत नाहीये, तर अजिबात नाही. तो पक्षाघात असू शकतो आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर ही गोळी घात करते. याशिवाय तुमची स्वतःची रोजची औषधं दोन दिवस पुरतील एवढी, दम्याचा पंप असेल तर तो. अँटिबायोटिक कशाला बाळगायचं? दुसऱ्याला तर नकोच नको.

किटमधलं काहीच न लागणारे दोन प्रसंग रस्त्यावर हमखास दिसतात. एक फिट, म्हणजे आकडी. चप्पल, कांदा, किल्ल्या काही हुंगवू किंवा हातात देऊ नका, दातांत चमचा घालू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, वेळ मोजा, झटके थांबले की कुशीवर वळवा. ५ मिनिटांपुढे गेली तर १०८. दुसरा अपघात. हेल्मेट ओढून काढायची घाई नको, मानेला इजा असू शकते. श्वास घेता येत नसेल किंवा उलटी आतच अडकत असेल तरच, तेही दोघांनी: एकाने मान धरायची, दुसऱ्याने हळू काढायचं. पाणी पाजू नका. लोक कळवळ्याने पाजतात, पण ऑपरेशन लागणार असेल तर पोटातलं पाणी भूल देताना फुप्फुसात जाण्याची भीती असते.

पोलिसांच्या कटकटीची भीती तुमच्याही प्रश्नात डोकावते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतल्या चुकीसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

फोन कुलूपबंद असतो, म्हणून लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरून ठेवा. शिवाय पाकिटात एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, दोन फोन नंबर. दोन्ही पिशव्या वर्षातून दोनदा तपासायच्या, मेच्या शेवटी आणि दिवाळीच्या आवराआवरीत. मुदतीच्या तारखा मार्करने पिशवीवरच बाहेरून लिहिल्या की उघडायचंही काम नाही, ओल धरली का तेवढं बघा.