सुटकेची तारीख नसताना

फोंडा, गोवा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पोर्तुगीज राजवटीत स्वातंत्र्यसैनिकांना जिथे कोंडले जाई तो आग्वादचा तुरुंग पाहून आल्यापासून एकच प्रश्न तुझ्या मनात घोळतो आहे: तिथे डांबलेल्यांना एवढे बळ कुठून आले, आणि तशी वेळ आली तर ते आपल्यात असेल का? दुसऱ्या भागाचे उत्तर मी देऊ शकत नाही. वेळ येण्याआधी ते कोणालाच ठाऊक नसते. पहिल्याविषयी मात्र थोडे लिहितो.

मोहन रानडे यांच्याकडे पाहा. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे सावईवेरे येथे मराठीचे मास्तर म्हणून आले आणि गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांची रवानगी लिस्बनजवळच्या तुरुंगात झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्या कारणासाठी त्यांनी तुरुंग पत्करला ते सिद्धीस गेले, इकडे पणजीत तिरंगा फडकला, आणि रानडे मात्र जानेवारी १९६९ पर्यंत परक्या देशात बंदिस्तच राहिले. या सात वर्षांचा विचार आपण फारसा करत नाही. लढा चालू असताना कैद्याला निदान उद्याच्या विजयाचा आधार असतो. विजय मिळूनही दार उघडत नाही, तेव्हा तोही जातो. 'अमुक दिवशी सुटेन' अशा तारखेला टांगलेली आशा ती तारीख उलटली की माणसालाच खाऊ लागते. म्हणून जुने राजबंदी आपल्या आठवणींत मोठ्या निर्धारांपेक्षा बारीकसारीक गोष्टींबद्दल अधिक बोलतात: ठरल्या वेळी उठणे, कोठडीत येरझाऱ्या घालणे, पाठ असलेले अभंग पुटपुटणे. पहारेकऱ्याने न ठरवलेली अशी एखादी गोष्ट दिवसात उरली, की तो दिवस थोडा तरी आपला राहतो.

आणखी एक गोष्ट. रानडे एकट्याच्या मनोबलावर सुटले नाहीत. इकडे त्यांच्या सुटकेसाठी माणसे वर्षानुवर्षे झटत होती, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. आतल्या माणसाचे बळ मोजताना बाहेरच्यांची चिकाटी हिशेबात धरलीच पाहिजे.

क्रांतिदिनाच्या भाषणांत बहुधा गाळला जाणारा भागही सांगतो. अस्नोड्याचे स्वातंत्र्यसैनिक बाळा राया मापारी १९५५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत कोठडीतच मरण पावले. त्यांची जिद्द कमी पडली, असे कोणी म्हणेल काय? शरीराला मर्यादा असते, आणि जगणे-वाचणे पुष्कळदा मारणाऱ्याच्या हाती असते. छळापुढे मोडून ज्यांनी कागदावर सही केली, त्यांच्याविषयीही पंख्याखाली बसून निवाडा करू नकोस.

मग तयारी म्हणून काही करता येते का? येते, पण ती दिसायला फार साधी असते. १९५४ साली एका मेजवानीत गोव्याविषयी 'हे पोर्तुगालच आहे' अशा अर्थाचे बोलणे चालले असता डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. समोर ताटे होती, ओळखीचे लोक होते, गप्प बसणे अगदी शिष्टाचाराचे ठरले असते. त्या एवढ्याशा बोलण्यापायी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आले. नको त्याला चारचौघांत नको म्हणण्याची सवय आज, फारसे काही पणाला लागलेले नसताना करता येते. वेदना सोसण्याचा सराव करायच्या भानगडीत पडू नकोस. तसला सराव काही उपयोगाचा नसतो.

सुट्टीत तू जुन्या सत्याग्रहींच्या घरी जाणार आहेस, तेव्हा मार किती खाल्ला हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नकोस. सुटून आल्यावर झोप लागत होती का, पोटापाण्याचे काय झाले, गावकरी उंबऱ्याशी येत होते की पोलिसांच्या भीतीने टाळत होते, हे विचार. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना वेगळे गाठून विचार, की पुरुष आत असताना चूल कशी पेटत होती. बहुतेक ठिकाणी हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नसेल, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून जा.

तुझा,
सर